पाच फुलपाखरांचा बटवा

जोतीराम पलटणीबरोबर कोरियातून परत आला आणि दोन महिन्यांनी, वैशाखात, त्याच्या पाठच्या बहिणीचं, कौसल्येचं, लग्न झालं. ते साल एकोणीसशे चोपन्न. लग्न कळसला, दारात मांडव घालून. नवरा मुलगा कऱ्हाटीचा सर्जेराव.

कोरियात जोतीरामाच्या पलटणीला लढायचं नव्हतं, चिनी कैद्यांवर पहारा ठेवायचा होता. त्यातल्या एकानं सुटून जाताना अंगातल्या कोटातून एक बटवा काढला आणि जोतीरामाच्या हातात कोंबला. दोघांची भाषा एकमेकांना येत नव्हती. तो का दिला, शिवला कुणी, आईनं की बायकोनं, हे जोतीरामाला कधीच कळलं नाही. घरी आल्यावर त्यानं तो आईच्या, धोंडाबाईच्या, हातात ठेवला आणि सुपारी ठेवायला होईल म्हणाला.

बटवा होता तळहाताएवढा. भोपळ्यासारखा मध्ये आवळलेला, तांबड्या साटिनीचा, खाली दोन गोंडे. साटिनीवर निळ्या-काळ्या रेशमानं पंखवाली पाच पाखरं काढलेली, मध्ये चक्रासारखी नक्षी. ते भरतकाम साध्या टाक्यांचं नव्हतंच म्हणा. सगळ्या खसखशीएवढ्या गाठी, एकीला एक चिकटून. बोट फिरवलं की खरखर लागायची.

लग्नात रुखवत मांडायची वेळ आली. कौसल्येचं लहानपण वांग्या-मिरचीच्या वाफ्यात गेलेलं, सुईशी तिची गाठ वाकळंपुरती. रुखवतात शेवया, कुरडया, एक मण्यांचं तोरण एवढंच. ते धोंडाबाईला फार उघडं दिसायला लागलं. तिनं तो बटवा आणून तोरणाच्या खाली ठेवला. ठेवला तोवर ठीक होतं. पण वराकडच्या बायका बघायला आल्या, आणि कौसल्येची सासू ठमाबाई वाकून म्हणाली, "ह्यो कुणाच्या हातचा?"

"कौसल्येच्याच," धोंडाबाई बोलून गेली.

कौसल्या तिथंच होती, मुंडावळ्या बांधलेली. तिनं मान खाली घातली. नवरीनं मान खाली घालायचीच असते, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. ही पाखरं कसली म्हणून एकीनं विचारलं, तेव्हा मात्र ती बोलली. फुलपाखरं, म्हणाली.

कऱ्हाटीला आल्यावर ठमाबाईनं तो बटवा देवळीत ठेवला, आणि येईल त्या बाईला काढून दाखवायला लागली. पहिल्या आठवड्यात कौसल्येनं सर्जेरावाला सांगायचं ठरवलं. पण त्याचं तोवर साखर कारखान्यावरच्या दोस्तांना बायकोच्या हाताचं कौतुक सांगून झालं होतं, आणि तिला सांगता सांगताच तो इतका खुशीत आला की तिनं नुसती भाकरी वाढली.

आषाढात कौसल्येच्या नणंदेची, नकोशीची, सुपारी फुटली. स्थळ कळंबचं. मुलाची आई द्वारकाबाई सुईकामात मोठी जाणती, तिच्या कुंच्या-टोपड्यांना पाच गावांतून मागणी. तिनं देवळीतला बटवा हातात घेतला, उजेडात धरला, उलटून आतली बाजू पाहिली. मग ठेवताना म्हणाली, की उभ्या जन्मात असं काम पाहिलं नाही.

ठमाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. भरल्या बैठकीत ती म्हणाली, "तुमच्या मुलाला अस्साच दुसरा देऊ, ईहीणबाई. घरचाच तर हात हाय. लग्नात मानाची सुपारी त्यातच घालून देऊ, ह्यो माजा शब्द."

चार माणसांत शब्द गेला. कौसल्या चुलीपाशी चहा गाळत होती, तो अर्धा फडक्याबाहेर सांडला. आता खरं सांगावं तर सासूचा शब्द व्याह्यांपुढं पडतो, आई खोटारडी ठरते, आणि खोट्या आईची लेक कशाची खरी? नांदवतील की माघारी पाठवतील, याचाही तिला भरवसा वाटेना. लग्न मार्गशीर्षात होतं. हातात चार-पाच महिने होते, आणि तिला त्यातली एक गाठही मारता येत नव्हती.

पंधरा दिवसांनी ठमाबाई तिला घेऊन बारामतीला गेली. नकोशीचे दागिने पटवेकऱ्याकडून रेशमात ओवून घ्यायचे होते. कौसल्येला वाटलं तेवढंच काम आहे. पण दागिने दिल्यावर ठमाबाईनं ओच्यातून बटवा काढला आणि म्हाताऱ्या पटवेकऱ्यापुढं धरला. ह्याला जुळतं रेशीम द्या म्हणाली.

म्हाताऱ्यानं चष्मा सारखा केला. बटवा नाकाजवळ नेला, एक गोंडा नखानं उकलून पाहिला.

"हे रेशीम आपल्याकडचं न्हाय," तो म्हणाला. "कुठनं आणलं, ताई?"

सासूनं सुनेकडं पाहिलं. आईची थाप ती आईची होती. ही मात्र कौसल्येची स्वतःची. ती म्हणाली, दादानं पलटणीतून येताना रेशमाच्या लडी आणल्या होत्या.

"मग उरलं असंल की," ठमाबाई म्हणाली.

"हाय. म्हायेरी हाय."

"पंचमीला जाशील तवा घेऊन ये. उगा इकत कशाला घ्यायचं?"

म्हातारा पुन्हा आपल्या कामाला लागला. कौसल्या त्याच्या हातांकडं बघत बसली, कारण दुसरीकडं बघायची तिची छाती नव्हती. त्यानं सुईच्या टोकाला रेशमाचे दोन वेढे दिले, अंगठ्यानं दाबून धरले आणि सुई त्यातून ओढून घेतली. मण्याच्या कडेला एक गाठ बसली, खसखशीएवढी. कौसल्येनं आणखी एकदा पाहिलं, मग आणखी एकदा. घरी येईपर्यंत गाडीत तिची बोटं पदराखाली चाळवत होती.

नागपंचमीला जोतीराम न्यायला आला. वाटेत तिनं त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचं हसू गेलं. कळसला पोचल्यावर धोंडाबाईनं ऐकलं आणि ती कपाळाला हात लावून जात्यापाशी बसली. मीच येते आणि सांगते, म्हणाली. कौसल्येनं तिला थोपवलं. आता सांगून सासूचा, आत्याबाईंचा, शब्द कसा राहील, म्हणाली. रंग जुळवून बघायचे असं सांगून तिनं बटवा बरोबर आणला होता. तो दोघींच्या मध्ये पडला होता.

रेशीम नव्हतंच. जगात ते रेशीम होतं फक्त त्या बटव्यावर.

"उसव," धोंडाबाई म्हणाली.

"आन मागितला तर?"

"नवा हातात आल्यावर जुना कोण मागतंय?"

अंगणातल्या लख्ख उन्हात बसून कौसल्येनं बाभळीच्या काट्यानं पहिली गाठ उचकटली. पटवेकऱ्याची आणि ही गाठ एकच निघाली, दोन वेढे आणि परत त्याच भोकातून खाली. तिला पहिल्यांदा जरा धीर आला. निघालेला धागा गाठीगाठीनं वाकडा झालेला असायचा. धोंडाबाई तो उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून सरळ करायची आणि मक्याच्या दाणे काढलेल्या बुरकुंडावर गुंडाळायची. काही धागे तुटायचे, काही भुसा व्हायचे.

दुसऱ्या दिवशी एका पाखराचा एक पंख निघाला, तशी कौसल्या थांबली. उरलेल्या अंगाला दोन टोकदार कान होते. पंखाच्या कोपऱ्यावर आकड्यासारखं नख होतं.

"आये, हे फुलपाखरू न्हाय. वाघूळ हाय."

धोंडाबाईनं पाहिलं आणि चटकन पदर तोंडाला लावला. लग्नाच्या रुखवतात पाच वटवाघळं मांडली होती. चिनी लोक ती शुभ म्हणून काढतात की काय, हे कळसच्या अंगणात कोण सांगणार? कौसल्येला एवढंच कळत होतं, की द्वारकाबाईला हे उमगलं तर मानाची सुपारी लांबच, लग्नच मोडेल. तिनं तिथंच ठरवलं. नव्या बटव्यावर खरी फुलपाखरं काढायची. अंग बारीक, पंख गोल, डोक्यावर दोन मिशा.

कऱ्हाटीला परतल्यावर, देवळीत दिव्याचं तेल लागेल असं सांगून उसवायला काढलेला बटवा तिनं पेटीत ठेवला, आणि रोज दुपारी माणसं रानात गेली की बाजारच्या साटिनीवर नवा शिवायला बसायची. सुरुवातीच्या गाठी मिरीएवढ्या झाल्या. त्या काढल्या. बोटांची टोकं सोलून निघाली, मिरच्या तोडताना आग व्हायची. नकोशी येता जाता टोचायची, "वयनी, लग्नाला देणार का माज्या पोराच्या जावळाला?" कौसल्या हसायची आणि बटवा मांडीखाली सरकवायची. जुन्यातली पाखरं एकेक करून संपत होती. दिवाळीला पाचवं संपलं, पण वाया गेलेल्या रेशमामुळं नव्यावर तीनच फुलपाखरं बसली. चौथ्याला धागा उरला नाही.

ठमाबाईनं नवा बटवा पाहिला. तीनच कशी, एवढंच विचारलं. रेशीम संपलं, कौसल्या म्हणाली. ते तरी खरं होतं.

मार्गशीर्षात लग्न लागलं. मानपानाच्या वेळी ठमाबाईनं बटव्यात सुपारी घालून तो जावयाच्या हातात दिला. त्याच्या हातातून तो द्वारकाबाईनं घेतला. कौसल्या खांबाला धरून उभी होती. द्वारकाबाईनं बोट फिरवलं, उलटून आतली बाजू पाहिली, बटवा उजेडात धरला.

"काम तसंच हाय," ती शेवटी म्हणाली. "पर ह्या फुलपाखरांस्नी मिशा हायत्या. जुन्यातल्यांस्नी न्हवत्या. त्यांचं डोकं निराळंच व्हतं. जुना आणा बरं, शेजारी शेजारी लावून बघू."

त्यात खोच नव्हती, कारागिराची हौस होती. पण बायका पुढं सरकल्या. ठमाबाई आनंदानं म्हणाली, "जा गं कौसल्ये, आण."

कौसल्या आत गेली. पेटी उघडून तिनं जुना बटवा हातात घेतला. तांबडी साटीन नुसती भोकाभोकांची, देवीचे वण राहिलेल्या तोंडासारखी. बाहेर नेता येत नव्हता आणि न नेताही येत नव्हतं. ती तशीच उभी राहिली. उशीर होतो म्हणून ठमाबाई स्वतः आत आली.

"हे काय?"

"ह्याचंच रेशीम काढून त्यो क्येला, आत्याबाई."

"दादानं लडी आणल्या व्हत्या ना?"

"न्हाय. बटवाच आणला व्हता. चिनी कैद्यानं दिलेला. माज्या हातचा त्यो भाईरचा हाय. ह्यो न्हाय."

ठमाबाईनं भोकं पडलेल्या कापडावरून बोट फिरवलं. बाहेर वाजंत्री थांबली होती, कुणीतरी हाक मारत होतं.

"रुखवतात कुणी मांडला?"

"आईनं."

आणि मी गप्प राहिले, असं पुढं म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. ते कौसल्या म्हणाली नाही.

ठमाबाईनं बटवा पेटीत टाकला, झाकण लावलं, पदर सारखा केला आणि बाहेर गेली. तिचा आवाज नेहमीसारखाच आला. जुना बटवा उंदरांनी कुरतडला, पोर बिचारी आत रडतीया, असं ती सांगत होती. द्वारकाबाई हळहळली, मग म्हणाली, "कऱ्हाटीचं उंदीर लई शौकीन दिसत्यात, ईहीणबाई." मांडवात हशा झाला. वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड कळंबला निघून गेल्यावर ठमाबाईनं सुनेला समोर बसवलं. तिचा आवाज चढला नाही.

"तुज्या हाताला कुणी नाव ठेवणार न्हाय. मी ठेवू देणार न्हाय. तू हितं नांद. पर तुज्या आईला सांगावा धाड. तिनं मला चार बायकांत तोंडावर फशिवलं. ह्या उंबऱ्याच्या आत तिचा पाय पडायचा न्हाय."

कौसल्येनं मान हलवली. तिला जी भीती होती ती टळली होती. नांदायला घर राहिलं, नावही राहिलं. कऱ्हाटीच्या पोरी तिच्याकडं ती गाठ शिकायला यायला लागल्या, आणि ठमाबाई त्यांना पाट द्यायची.

छप्पन्न साली कौसल्येला मुलगा झाला. बाळंतपण कळसला झालं. ती सासरी आल्यावर धोंडाबाई बाळंतविडा घेऊन निघाली, रीतच तशी. कुंची, टोपडं, दुपटं, सगळं तिनं टोपलीत भरलं होतं. गाडी वेशीपाशी थांबली आणि जोतीराम एकटाच टोपली घेऊन घरी आला. आई वेशीत बसली आहे, म्हणाला.

कौसल्या मुलाला घेऊन ठमाबाईपुढं उभी राहिली. सासू सुपात ज्वारी पाखडत होती.

"आत्याबाई, रुखवताच्या वक्ताला मीबी गप्प ऱ्हायले व्हते. फुलपाखरं तर मीच म्हनले. चूक एकट्या आईची न्हाय."

सूप थांबलं.

"मग तवा का न्हाय बोललीस?"

कौसल्येनं मुलाला पुढं केलं. ठमाबाईनं नातवाच्या गालाला हात लावला, वेशीपर्यंत नेऊन दाखव म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली. कौसल्या गेली. लिंबाच्या सावलीत धोंडाबाईनं नातवाला मांडीवर घेतलं, टोपडं घातलं, आणि दिवस कलायच्या आत गाडी परत फिरली.

धोंडाबाई सत्तावन्न सालच्या भाद्रपदात, वद्य पंचमीला, कळसला हिवतापानं वारली. लेकीचं घर तिनं आतून पाहिलं नाही.