सुपारीआधीची भिंत

ओवे गावचा काशीराम लग्नाच्या भिंती रंगवायचा. कुणाच्या घरी हळद ठरली की पहिला सांगावा त्यालाच. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीवर तो केळीचे खांब उभे करी, खांबांवर मोर बसवी आणि शेवटी मधोमध, कमळाच्या पोटात, नवरानवरीची नावं घाली. नावाविना भिंत त्याला मेलेल्या घरासारखी वाटे. आणि सुपारी फुटल्याशिवाय नाव घालायचं नाही, हे बापाने त्याला ब्रश धरायच्या आधी शिकवलेलं.

पण गावात आता स्लॅबची घरं उठत होती. गुळगुळीत भिंतींवर लोक थर्माकोलची अक्षरं चिकटवत. काशीरामचे ब्रश पत्र्याच्या डब्यात कडक होऊन पडले होते.

अशात पनवेलहून वसुंधराबाई आल्या. हायस्कुलात चित्रकला शिकवायच्या. वडाळे तळ्याकाठी एका दुकानावरचा हॉल घेऊन त्यांनी गॅलरी मांडायची ठरवली होती.

"काका, आपल्या पनवेलची चित्रं पनवेलनेच बघितलेली नाहीत. तुमची भिंत मला हवीच."

त्यांनी त्याला शहरभर फिरवलं. एका पेंटरच्या गाळ्यात साबणाच्या जाहिरातीच्या पाटीला टेकून रंगवलेले दत्तगुरू वाळत होते. एका निवृत्त मास्तरांच्या गच्चीवरच्या खोलीत कर्नाळ्याचा सुळका रंगवलेला होता. सकाळचा, संध्याकाळचा, धुक्यातला, आणि सगळे सुळके भिंतीकडे तोंड करून ठेवलेले. हाफिजभाई आपल्या फोटो स्टुडिओत आखातात गेलेल्या माणसांच्या फोटोंतल्या काळ्यापांढऱ्या गालांवर हाताने गुलाबी रंग चढवत होता.

"आमची कला लोक पाकिटात घालून नेतात, काकाजी," हाफिजभाई हसला. "तुमची मात्र दारात उभी राहते. नसीबवाले आहात."

काशीरामचा ऊर भरून आला. कलावंतांत कुणी त्याला असं प्रथमच बसवलं होतं.

हॉलमध्ये भिंतीएवढं प्लायवूड उभं केलं होतं. चुना लागला, खांब आले, मोर आले. कमळ उमललं आणि हात थांबला.

"बाई, नाव कुनाचं घालू?"

"कुणाचंही घाला. नाहीतर रिकामं राहू दे, छानच दिसतंय."

रिकामं? घरी रंभा होती, त्याची एकुलती लेक. तिला बघायला पाहुणे यायचे, चहा प्यायचे, जायचे. नंतर निरोप यायचा नाही. दुसऱ्यांच्या मांडवात मात्र गाणं तिचंच लागायचं:

*मांडवाच्या दारी, मोर गो कुनी लिवला,*
*बापानं लिवला, डोल्यांत रंग भिजवला.*

आता उलव्याचं स्थळ आलं होतं, जनार्दनचं. घरचे ट्रक न्हावा शेव्याच्या बंदरात चालत. मुलगी पसंत होती. येत्या रविवारी सुपारी फुटणार होती. काशीरामला वाटलं, हॉलच्या या जिन्याने आपल्यातलं कोण वर बघायला येतंय? आणि आपल्या अक्षरात लेकीचं नाव कसं बसतं, ते एकदा बघावं तरी. त्याने लाल रंगात ब्रश बुडवला. जनार्दन. रंभा. 'रं'वरचं टिंब त्याने कुंकवासारखं ठेवलं आणि एकटाच हसला.

प्रदर्शन उघडलं. त्याच आठवड्यात जनार्दनचा काका पदाजी लायसनच्या फोटोसाठी हाफिजभाईकडे गेला. काशीरामकडून स्थळाचं ऐकलेल्या हाफिजभाईने, हा नवऱ्याचा काका हे कळताच, मोठ्या आनंदाने हात पुढे केला. "मुबारक हो, शेठ! तुमच्या उलव्याच्या जनार्दनची भिंत लागलीय तळ्यावर. बघून जा."

पदाजी बघून तडक ओव्याला आला. ओटीवरही टेकला नाही.

"काशीराम, सुपारी कवा फुटली रं? आमाला आवतान नाय आलं."

"पदाजीशेठ, ती नुसती दाखवायची भिंत हाय."

"भिंत ती भिंत. आमच्या पोराला विचारल्याबिगर बाजारात उभा केलास. गाव बोलंल, पोरीवाल्यानं नाव लिवून गळ्यात बांधली."

"माजी चूक झाली, शेठ. पोरीची काय नाय यात."

"मंग पोरीलाच सांग." रंभाने आणलेला पाण्याचा तांब्या त्याने हातात घेतलाच नाही.

स्थळ मोडल्याची बातमी गावोगाव फिरली. एकाच्या नावाशेजारी भिंतीवर चढलेली पोर. आता दुसरा कुणी ओव्याकडे वळणार नव्हता. हे काशीरामइतकं कुणाला ठाऊक असणार?

तो चुन्याचा डबा घेऊन गॅलरीत गेला. रंभा मागून चालत आली, नको म्हटलं तरी. वसुंधराबाईंचे डोळे भरून आले. "पुसा, काका. मला ठाऊक असतं तर..."

तो स्टुलावर चढला. चुन्यात भिजलेला ब्रश थेट लेकीच्या नावाकडे गेला.

"बा, थांब," रंभा खालून म्हणाली. "त्याचं पूस. माजं ऱ्हाऊ दे."

"कशाला गो, पोरी?"

"दुसऱ्या कंच्या भिंतीवर येनार हाय?"

काशीरामने जनार्दनचं नाव पुसलं. चुन्याखालून लाल पुन्हा पुन्हा वर येत राहिलं. मागे कुणी नवीन माणसं आली, "किती सुंदर मोर!" म्हणाली. रंभाने स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, आणि बा काही खाली उतरेना.