अर्ध्या तासात उतरलेला पारा

वाचक मित्रांनो, मनुष्याच्या देहात भय शिरले असता रक्त काय करते, या गहन प्रश्नाविषयी स्वतः पाहिलेले आज मी यथाशक्ती कथन करणार आहे.

मी सिहोऱ्याजवळच्या आरोग्य उपकेंद्रातील एक जुने रक्तदाबाचे यंत्र आहे. लोखंडी पेटी, पाऱ्याची काचनळी, कापडी पट्टा व रबरी फुगा एवढाच माझा देह. आरंभी माझी फार वाहवा झाली. पुढे आपोआप आकडे दाखविणारे यंत्र आले आणि मी कपाटात पडले.

मोतीबिंदूच्या शिबिराच्या दिवशी मात्र त्या नव्या यंत्राचे सेल संपले, म्हणून मला बाहेर काढण्यात आले. रंभाबाईंचा दंड माझ्या पट्ट्यात आला. त्यांना तांदळातला खडाही दिसेनासा झाला होता. पारा एकशे अठ्ठ्याहत्तरवर गेला! एवढ्या दाबावर डॉक्टर शस्त्रक्रिया करणार नव्हते आणि रुग्णांना त्यासाठी रुग्णालयात नेणारी गाडी अर्ध्या तासात निघणार होती.

भावना सिस्टरांनी रंभाबाईंकडे निरखून पाहिले.

"मावशी, गाल काहून फुगला?"

"खर्रा हाय बाई. डर लागून राहिला होता, म्हणून हिमतीसाठी टाकला."

"तंबाखूनं हिंमत नाही, बीपी वाढते! थुका आधी. आन डर कायचा?"

"हे शेजारचे वासुदेवराव म्हणे, डॉक्टर डोळा काढून वाटीत ठेवते, धुऊन मंग बसवते."

बाकावरील वासुदेवराव चपलेकडे पाहू लागले.

"तुमी डोळ्याचे मिस्त्री आहा का, भाऊ?" सिस्टर म्हणाल्या. "मावशी, डोळा जागचा हालत नाही. आतलं ढगाळ भिंग तेवढं बदलवते."

मला कुतूहल वाटले. समोर काहीच नसताना हृदय धावते कोणापासून? सिस्टरांनीच उलगडा केला.

"नाकाडोंगरीच्या जंगलात वाघ दिसला तर पळायले ताकद लागते, म्हणून अंग रक्त जोरानं ढकलते. अंगाले खरा वाघ आन सांगोवांगीचा वाघ सारखाच!"

मग रंभाबाई खर्रा थुंकून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, एक शब्द न बोलता बसल्या. गाडीने दोनदा भोंगा दिला. माझा पट्टा पुन्हा आवळला गेला. एकशे सेहेचाळीस! डॉक्टरांनी होकारार्थी मान हलविली.

"पारा उतरला, आता मी चढली!" म्हणत रंभाबाई गाडीकडे निघाल्या.

मित्रांनो, दाब मोजण्यापूर्वी शांत बसावे आणि मनातल्या भीतीविषयी जाणत्या माणसाला विचारून घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती.

यंत्राचे हे मनोगत शब्दबद्ध करणारा, उपकेंद्राचा परिचर परसराम शेंडे, आपण वेळ काढून वाचलेत म्हणून आपला अत्यंत आभारी आहे.