उमेदवाराची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि स्वभावाने जळकी आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे मागाहून कोणी नावे ठेवायला नको. माझा सांगाडा सागवानी आहे, बैठक वेताची आहे आणि उजवा हात जरा सैल झाला आहे. मला घडवणारा सुतार फार कमी बोलायचा. माझे पाय नीट टेकतात की नाही हे बघायला तो स्वतःच माझ्यावर बसला, थोडा डुलला आणि म्हणाला, "हं, आता कुणीही बसू दे." माझे कौतुक एवढेच झाले, पण ते मला पुष्कळ पुरले.

तिथून मी थेट एका कारखान्याच्या कार्यालयात गेले. साहेबांच्या टेबलासमोर माझी जागा होती. नोकरी मागायला येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्यावर बसायचा आणि मग कामाला लागायचा, नाहीतर घरी जायचा. साहेबांची खुर्ची गुबगुबीत आणि चाकांची होती. तिचा मला हेवा वाटायचा का? वाटायचा की! पण तिच्या नशिबी जन्मभर एकच माणूस, आणि तोही वजनदार. माझ्याकडे नाना तऱ्हेची माणसे यायची. कोणी अगदी टोकावर बसे, कोणी पहिल्याच प्रश्नाला माझे हात घट्ट धरी. अनुभवाची थाप मारणारा हमखास एका बाजूला कलायचा. साहेबांना ते कळत नसे, मला मात्र कळे.

दारावर काका असत. ते कार्यालयाचे शिपाई. ते उमेदवाराला आत आणायचे, मला दोन्ही हातांनी मागे ओढायचे, पाण्याचा पेला ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "नीट टेकून बसा. पडत नाही ती." अधूनमधून ते माझे स्क्रूही आवळायचे. त्या दिवसांतला माझा थाट काही विचारू नका.

मग कार्यालयात संगणक आला. अर्ज त्याच्यावरच येऊ लागले. तोच ते चाळायचा आणि माणसांची तोंडे न बघताच त्यांना नकार पाठवायचा. दाराबाहेरची रांग आटली, माझ्यावर कोणी बसेना. एके दिवशी माझ्या जागेवर त्याचा प्रिंटर मांडला आणि मला जिन्याखाली, मोडक्या कपाटाशेजारी सरकवले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच! मी माणसांची वजने पेलली, धडधडणारी छाती सोसली. त्याला साधे बोट लागले तरी सगळे ओरडायचे, "अहो, स्क्रीनला हात नको!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

काका निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी विचारले, "काका, आठवण म्हणून काय हवं?" काकांनी जिन्याखाली बोट दाखवले. सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी मला डोक्यावर घेतले आणि घरी आणले.

मला वाटले, सुटले एकदाची. घरात पाऊल टाकते तो काय, खिडकीजवळच्या टेबलावर संगणक बसलेला! काकांच्या मुलाने तो कुठून तरी जुना विकत घेतला होता. मुलगा दूरच्या बांधकामावर काम करायचा आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. एरवी घरात काका आणि त्यांची सून, दोघेच. काकू वर्षभरापूर्वी गेल्या होत्या. सूनबाई संगणक पुसायला खास मऊ कापड वापरायची. मला मात्र फरशीच्या फडक्याने पुसायची, तेही आठवले तर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा जळफळाट पुन्हा सुरू झाला.

आता सूनबाईचे सांगते. लग्नाआधी आणि लग्नानंतरही ती औषधांच्या गोदामात कामाला होती. कुठले औषध कुठे ठेवायचे, कुठले आधी बाहेर काढायचे, हे तिचे काम. काकूंनी अंथरूण धरले आणि तिने नोकरी सोडली. काकू गेल्यावर पुन्हा काम शोधू लागली, तर सगळीकडे अर्ज संगणकावर आणि उत्तर काहीच नाही. तेवढ्यात एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधभांडारात जागा निघाली. तिला कळले तेव्हा अर्ज भरायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. शिवाय वयाची अट होती. तिच्यासाठी ही शेवटचीच संधी होती, पुढच्या वर्षी ती त्या अटीत बसणार नव्हती.

"पैशाचं आपण भागवू गं," काका म्हणाले.

"पैशाचं नाही, बाबा. मला माझं काम हवंय."

जेवण आटोपून ती माझ्यावर येऊन बसली. काकांचे लक्ष संगणकाच्या वरच्या काचेच्या ठिपक्याकडे गेले आणि ते दचकले.

"अशी गबाळी नको बसूस. त्याला डोळा आहे."

"अहो, हा नुसता अर्ज आहे, मुलाखत नाही."

"उमेदवार या खुर्चीत बसला की मुलाखत सुरू झाली. जन्म गेला माझा त्यात."

बिचारी उठली, चांगले कपडे घालून, केस विंचरून आली. काकांनी मला दोन्ही हातांनी मागे ओढले, पाण्याचा पेला ठेवला आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांनी माझा मान मला परत मिळाला होता. पण तिचे डोळे माझ्यावर कुठे? ते त्या चपट्या तोंडाच्या संगणकावर खिळलेले!

त्याचे तर नमनालाच घडाभर तेल. आधी खाते उघडा, मग पासवर्ड ठरवा, त्यात मोठे अक्षर घाला, आकडा घाला, चिन्ह घाला. "याला पासवर्ड हवाय की गुप्त मंत्र?" सूनबाई म्हणाली. मग बायोडाटा चढवायला सांगितला. तो चढला, आणि पुढच्याच पानावर शिक्षण, अनुभव, पत्ता, सगळे परत लिहायला सांगितले. ये रे माझ्या मागल्या! फोटो आधी फार मोठा झाला, मग फार लहान झाला. गोदामाच्या मालकाचा ईमेल दिल्याशिवाय पुढे जाता येईना, आणि मालकाने आयुष्यभर धड फोनसुद्धा कधी उचलला नव्हता. शेवटी एका जुन्या पावतीवर तो सापडला.

मग म्हणे, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. ज्या ज्या चित्रात खुर्ची दिसते ते ते निवडा.

मित्रांनो, मी आनंदाने करकरले. अखेर त्यालाही माझी गरज पडली होती!

"बाबा, स्टूल खुर्चीत धरायचं का हो?"

"पाठ नाही त्याला. कसली खुर्ची?" काका दारातून म्हणाले. शाबास, काका! स्टुलाला खुर्ची म्हणणाऱ्याला नोकरी देऊच नये.

निम्मा अर्ज भरला असेल, तेवढ्यात पडद्यावर आले, 'वेळ संपली. पुन्हा प्रवेश करा.' लिहिलेले सगळे पुसले गेले. सूनबाईने रागाने हात आपटला, आणि तो कुठे आपटला? माझ्या सैल हातावर! चुकला तो आणि मार खाल्ला मी. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय.

तिने सगळे पुन्हा भरले. उन्हे कलली. आता एकच प्रश्न उरला होता. 'आपल्या कामात पाच वर्षांचा खंड आहे. या काळात काय केले? किमान दोनशे शब्द.' तिने लिहिले, घरी होते. खाली लाल ओळ आली. तिने लिहिले, घरी होते, सासूबाई आजारी होत्या. पुन्हा लाल ओळ.

ती उठलीच. "नाही भरायचा मला. 'घरी होते' याचे दोनशे शब्द कुठून आणू? नुसती लोळत पडले असते, तरी हेच लिहिलं असतं. घरी होते म्हणजे याच्या लेखी काहीच नाही."

काका दारातून आत आले. त्यांनी टेबल थोडे पुढे ओढले, खिडकीच्या बाजूला स्टूल टाकले आणि साहेबांसारखे पलीकडे जाऊन बसले. संगणकाचे तोंड त्यांनी स्वतःकडे वळवून घेतले. आता मला दिसत होती त्याची पाठ. वायरींचा गुंता आणि धुळीचा थर! एवढे मऊ कापड फिरायचे, ते फक्त तोंडावर. मला किती बरे वाटले म्हणून सांगू.

"बसा," काका म्हणाले.

"बाबा, हे काय आता?"

"बसा. पाच वर्षं काय करत होतात?"

सूनबाई हसली. काका हसले नाहीत. मग ती बसली, टोकावर.

"सासूबाईंची औषधं बघायचे," ती म्हणाली. "सकाळची निळ्या डबीत, रात्रीची लाल झाकणाच्या. कुठलं कशाबरोबर द्यायचं नाही ते डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. संपायच्या आधी आणायचं, तारीख उलटलेलं बाजूला काढायचं. एकदा दुकानातून दुप्पट ताकदीच्या गोळ्या आल्या, त्या मी परत पाठवल्या."

काका एका बोटाने टाइप करत होते. "पुढे."

"त्यांना कूस बदलून द्यायचे, नाहीतर पाठीला जखमा झाल्या असत्या. झाल्या नाहीत एकदाही. चमच्याने भरवायचे. दुपारी त्या रडायच्या. तुम्ही यायच्या आत मला तोंड पुसायला लावायच्या. म्हणायच्या, ते दिवसभर दारात उभे राहून येतात, त्यांना नको सांगूस."

काकांचे बोट थांबले.

"हे तू मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग बोट पुन्हा कीबोर्डवर ठेवले. "सांगा. पुढे सांगा."

ती सांगत गेली. आणि सांगता सांगता, मित्रांनो, ती मागे टेकली. पूर्ण टेकली. एवढे दिवस ती माझ्यावर बसत होती, पण तिचे वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

लाल ओळ पुन्हा आली, कारण आता शब्द जास्त झाले होते. दोघांनी मिळून काटछाट केली. पाठीच्या जखमांचे वाक्य काकांनी काढू दिले नाही. मुदत संपायच्या जरा आधी अर्ज गेला. उत्तर आले, 'अर्ज मिळाला. या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.' म्हणजे दुपारभर हा विचारणार आणि आपण एक शब्द विचारायचा नाही. उद्धट कुठला!

काही दिवसांनी मुलाखतीचे बोलावणे आले, तेही संगणकावरच. मी चरफडले. इथेही हाच का? मग लक्षात आले, बसणार तर ती माझ्यावरच. काकांनी माझा उजवा हात आवळला. पडद्यावर एक पिकल्या केसांच्या बाई आल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दुप्पट ताकदीच्या गोळ्या तुम्ही ओळखल्या कशा?" कोणीतरी शेवटपर्यंत वाचले होते! सूनबाई बोलू लागली. बोलताना ती कुठल्याही बाजूला कलली नाही.

नोकरी लागली. काकांनी ती बातमी शेजाऱ्यांना, दूधवाल्याला आणि दोन वेळा मुलाला सांगितली. मला कोणी सांगितली नाही, मी ऐकली.

मित्रांनो, म्हातारीचा एवढा एक सल्ला ऐका. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणी तुमच्याकडे काम मागायला येईल. त्याला काही विचारण्याआधी बसायला द्या. आणि पाच वर्षे काय केले असे विचारलेत, तर उत्तर पुरे होईपर्यंत ऐका. घरातल्या माणसांनाही विचारा. त्यांना ते कोणी विचारत नाही.

आता सूनबाई सकाळीच निघते आणि दिवसभर मी रिकामी असते. औषधभांडारात तिला चाकांची, गोल फिरणारी खुर्ची मिळाली आहे. पाठीला उशीसुद्धा आहे म्हणे. ती काकांना हे कौतुकाने सांगत होती आणि मी ऐकत होते. खोटे कशाला बोलू, माझा जळून कोळसा झाला. पण ती फार दमून येते हो. म्हणून त्या न पाहिलेल्या सवतीला माझे एकच सांगणे आहे. बाई, ती लवकर टेकत नाही, टोकावरच बसते. घाई करू नकोस. टेकली, की मात्र सांभाळ.