हात सोडायचा नाही

बुटाची नाडी होती. एके काळी पांढरी असावी, आता तेलकट, करडी. आणि गाठ कशी, तर शाळेत जाणाऱ्या पोराच्या बुटाला आई बांधते तशी, दोन पाकळ्यांची, टोक ओढलं की सुटणारी. वॉल्वच्या दांड्याला दोन वेढे, मागच्या पाइपाला एक वेढा, आणि वर हे फूल. खाली बादलीत काळं तेल सावकाश ठिबकत होतं आणि आसपास चिटपाखरू नव्हतं.

खरं म्हणजे राग यायला हवा होता. आला तो थकवा, गुडघ्यांतून वर चढत आलेला... तो तिथेच उकिडवा बसला आणि पाकळीचं टोक ओढलं. दांडा खटकन वर गेला. तेल थांबलं.

या एका वॉल्वसाठी त्याने केवढा आटापिटा केला होता! फळांच्या या शीतगृहात थंडावा येतो अमोनियातून, आणि यंत्रांचं तेल त्या अमोनियाबरोबर वाहत जाऊन टाकीच्या तळाशी साचतं; ते अधूनमधून काढावं लागतं. तेल संपलं की त्याच तोंडातून मागोमाग गॅस — आणि तो काही दार वाजवून येत नाही. म्हणून हा स्प्रिंगचा वॉल्व: दांडा दाबून धरला तरच उघडा, हात निघाला की बंद. शेठ म्हणाले होते, साध्या वॉल्वमधून तेल येत नाही का? येतं, शेठ, पण... किती खेपा, किती मनधरणी, शेवटी शेठच कंटाळले आणि वॉल्व आला. मग त्याने स्वतः ब्रश घेऊन भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं: हात सोडायचा नाही. त्याच भिंतीपलीकडे बायका सफरचंदं निवडत होत्या. कोणाच्या तरी नवऱ्याची टिंगल रंगात आली असावी, हसू थांबत नव्हतं. गॅस सुटला असता तर पहिला त्यांच्याच अंगावर गेला असता.

फटक, फटक... मागून एक सैल बूट वाजत आला. चोर पकडायला याहून कमी कष्ट कोणाला पडले नसतील. मामा — सगळ्यांचेच मामा, कॉम्प्रेसर चालवता चालवता म्हातारे झालेले. नवखा असताना त्याला हे सगळं मशीनघर हाताला धरून दाखवलं ते त्यांनीच.

"साहेब आज लवकर?" मामा म्हणाले. एरवी ते त्याला अरे-तुरे करत. साहेब म्हणाले म्हणजे प्रकरण त्यांच्याही लक्षात आलं होतं.

त्याने नाडी पुढे केली.

"पाणी प्यायला गेलो होतो. हा काय, लगेच आलो."

"मामा..."

"बरं, चहा." मामांनी उजवा हात पुढे धरला. अंगठ्याचा सांधा सुजून लिंबाएवढा झाला होता. "हा धरत नाही रे आता. दाबला की पार खांद्यापर्यंत कळ जाते. म्हणून फुलाची गाठ मारतो, ओढली की सुटते."

"आणि ओढणार कोण? गॅस?"

मामा हसले नाहीत. "वर सांगणार आहेस का?"

सांगितलं तर संध्याकाळच्या आत मामा घरी. शेठना निमित्तच हवं होतं. नाही सांगितलं तर उद्या नाडीच्या जागी तार येईल, आणि तार ओढून सुटत नाही. त्याने हातमोजे घातले, मास्क उचलला. "मास्क चढवा आणि मागे उभे राहा. आज मी धरतो."

दांडा त्याने दाबला. गारठलेलं तेल, त्याची धार कसली, नुसतं लोंबणं... मास्कच्या आत स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. धरून बसण्याचं एक बरं असतं, दुसरं काही करावं लागत नाही. पण हात असा अडकला की मन मोकाट सुटतं. ते घरीच गेलं.

अर्धांगाचा झटका आल्यापासून आई त्याचं बोट धरून झोपते. घट्ट, तान्ह्या मुलासारखं. सोडवायला गेलं की जागी होते, मग रडणं. म्हणून बायकोने त्याच्या जुन्या शर्टाच्या बाहीचं एक कापडी बोट शिवलंय, आत कापूस भरून. पहाटे तो आपलं बोट हळूच काढतो, ते तिच्या मुठीत सरकवतो आणि चपला हातात घेऊन बाहेर पडतो. बायको एकदा म्हणाली होती, "फसवतोय हो आपण त्यांना." तो म्हणाला, झोप तरी लागते ना तिला? आणि मी इथे नाडी काय दाखवतोय मामांना... माझीही तर फुलाचीच गाठ.

पण आज पहाटे — हे त्याला आत्ता आठवलं, तेलाकडे बघता बघता — आज त्याने बोट ओढलंच नव्हतं. कापडी बोट शोधत उशीखाली चाचपडत होता, आणि तेवढ्यात आईची मूठ आपणहून सैल झाली होती. डोळे मिटलेले. कापड हातात आल्यावर तिने ते धरलं, नीट, धरायचं म्हणून. म्हणजे तिला ठाऊक आहे? केव्हापासून? की रोज सकाळी तीच मला सोडते, आणि मी मात्र समजतो की मी निसटलो?

हाताला मुंगळे चावल्यासारख्या कळा येऊ लागल्या. आणि त्याने दांडा सोडला. खटकन आवाज झाला, वॉल्व मिटला. बाकी काही झालं नाही. भिंतीपलीकडे बायका हसतच होत्या. दमलेल्याला सोडता यावं, म्हणूनच तर हे यंत्र कोणी शहाण्याने बनवलं होतं. आणि लाल रंगात भलतंच लिहून ठेवलं त्याने.

त्याने मास्क वर केला. "मामा, हात दुखला की दांडा सोडून द्यायचा. वॉल्व आपला आपण मिटतो. मग परत धरायचा. बांधायचा तेवढा नाही."

"मग हे तेल दिवसभर पुरेल."

"पुरू दे."

"आणि ते भिंतीवर लिहिलंय ते?"

त्याने लाल अक्षरांकडे पाहिलं. वर सांगायचं की नाही, तेही ठरलं नव्हतं. खिशात फोन वाजू लागला. बायको असणार, या वेळी तीच असते: आई उठल्यात, तुम्हाला विचारतायत. घ्यायला हवा. त्याने हातमोजा ओढून काढला, पण बोटं तशीच वळलेली राहिली, नसलेल्या दांड्याभोवती. तो त्या मुठीकडे बघत राहिला. फोन वाजत होता, आणि मूठ काही केल्या उघडत नव्हती.