लाल मेणाखालची बॅटरी

आमची सोलरची बॅटरी जिन्याखाली असते. त्या दुपारी तिच्यापुढे चपलांचा ढीग पडला होता. शेजारचा शिंपी हातातली शिवण अर्धी टाकून आला होता आणि माझ्या सासूबाईंनी पुढची जागा धरली होती. मधे मंत्रानं बॅटऱ्या भरून देणारे किरणबाबा बॅटरीवर तळहात ठेवून उभे.

"हिच्यात सूर्य कोंडलाय," बाबा म्हणाले. "तुमच्या पंख्या-फ्रिजच्या घरघरीनं तो भेदरतो. सगळं बंद करा. छतावरच्या पॅनेलचा खटकाही खाली ओढा. मला आजचं ऊन नको, माझा मंत्र पुरे."

सगळं बंद झालं. बाबा पुटपुटू लागले. अकरा व्होल्टशी लोळत पडलेला बॅटरीच्या मीटरचा काटा हलला आणि बघता बघता बाराच्या पार गेला. शिंप्यानं हात जोडले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून मला हसायचं धाडस झालं नाही.

बॅटरी थकली होती, नवी यायला दोन महिने होते. वीज गेली की माझ्या लेकीचं, चिमणीचं, वाफेचं मशीन तिच्यावरच चालायचं. चिमणीला दमा आहे.

बाबांनी बॅटरीची सहाही बुचं लाल मेणानं बंद केली. "चाळीस दिवस उघडायची नाहीत. तेज उडून जाईल."

"पण मी दर महिन्याला त्यात डिस्टिल्ड वॉटर घालते," मी म्हणाले.

"ताई, सूर्याला कधी तहान लागते का?"

सगळे हसले. कडेवरची माझी धाकटी तान्ही रडायला लागली आणि मी तिला घेऊन आत गेले.

सव्विसाव्या दिवशी चिमणी बाबा-बाबा खेळत होती. खांद्यावर टॉवेल, पुढ्यात बाहुली. "आवाज नको, दिवा नको," ती बाहुलीला दटावत होती. फ्रिज, पंखा, दिवे, सगळी बटणं तिनं पटापट बंद केली. पॅनेलच्या खटक्याला हात पुरेना.

"आई, तू ओढ ना."

मी ओढला. मंत्र म्हणून तिनं बेचा पाढा म्हटला. काटा चढत चढत बाराच्या पार गेला.

"आई, माझ्यात पण तेज आहे?"

"नाही गं राणी. जिना चढून आलेला माणूस पायरीवर टेकला की त्याचा श्वास जागेवर येतो ना, तशी बॅटरी टेकली. श्वास आला, पोट नाही भरलं. पंखा लाव बघू."

तिनं पंखा लावला. काटा खाली.

सासूबाईंना बोलावून तेच पुन्हा करून दाखवलं. त्यांनी नातीच्या पायांना हात लावला. "पोरीत उतरले गं बाबा."

मी नवऱ्याला म्हटलं, "मेण फोडते."

"चौदाच दिवस राहिलेत. आईचं मन कशाला मोडतेस?"

हातातली सुरी मी परत ठेवली.

त्यानंतर पाचव्या दिवशी, भर दुपारी आभाळ भरून आलेलं असताना वीज गेली आणि चिमणीला धाप लागली. मशीन लावलं. काटा धपकन कोसळला, दोन मिनिटांत वाफ थांबली. मास्कच्या वर तिचे डोळे माझ्याकडे लागलेले.

"आई... पाढा... म्हणू?"

तिला उचलून मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. तासाभरानं तिचा श्वास जागेवर आला.

घरी येऊन मी मेण फोडलं. आत पाणी पार आटलेलं, उघड्या पडलेल्या शिशाच्या पट्ट्या पांढऱ्या झालेल्या. सासूबाईंनी टॉर्च धरली.

"एवढंसं पाणीच हवं होतं का बॅटरीला?"

"एवढंसंच."

पाणी घातलं, पण फार उशीर झाला होता. शिंप्याला सांगायला गेले तर तो मान न वळवता म्हणाला, "वहिनी, तुमची श्रद्धा कमी पडली." आज बाबा त्याच्याकडे आहेत. चपलांचा ढीग मला खिडकीतून दिसतोय.

मला तो ढीग हलवता येत नाही. म्हणून निदान तुम्हाला सांगते. बाबाला बोलावण्याआधी एकदा स्वतः सगळी बटणं बंद करून बघा, काटा चढेल. मग पंखा लावा, पडेल. त्यातच सगळं कळतं. बुचं उघडून पाणी बघत जा. आणि तुमच्या घरात कुणी सून सुरी हातात घेऊन बॅटरीपाशी उभी असेल, तर कुणाचं मन मोडेल म्हणून तिला थांबवू नका. मेण फोडू द्या.