बाबांचं आठ, माझं सहा

आमच्या खोऱ्यात माणूस कोणत्या चर्चला जातो हे कोणी विचारत नाही. ट्रकमध्ये डिझेल इंजिन कोणतं, हे आधी विचारतात. माझे बाबा, लेलँड, कट्टर आठ सिलिंडरवाले. मी एका रांगेतल्या सहा सिलिंडरचं घेतलं, तेव्हा ते भरल्या ताटावरून उठून गेले. धर्म बदलला असता तर निदान जेवण तरी संपवलं असतं. पुढे कधी माझ्या ट्रकमधून गावात जायची वेळ आलीच, तर ते कॅफेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरायचे आणि उरलेलं अंतर चालत जायचे. मित्रांनी पाहिलं तर? मला राग यायचा, आणि खोटं कशाला बोलू, वाईटही वाटायचं.

त्या ऑक्टोबरात त्यांच्या ट्रकचा पाण्याचा पंप गेला, तोही नेमका बर्फ तोंडावर आलेला असताना. बिगहॉर्न डोंगराच्या माथ्यावरच्या कुरणात शेवटच्या गाभण गाई अडकल्या होत्या. दोन खेपा होत्या आणि चालता ट्रक एकच, माझा. पण माथ्यावरून उतरणाऱ्या घाटात बाबांनी तोवर कोणाच्याही हाती स्टिअरिंग दिलं नव्हतं, त्यामुळे माझ्याच ट्रकमध्ये मी शेजारी बसले.

पहिल्या खेपेच्या गाई ट्रेलरमध्ये चढवून आम्ही निघालो. उतार लागला तसं मी इंजिनाच्या ब्रेकचं बटण दाबलं. ते दाबलं की इंजिन आपलाच धूर कोंडून धरतं आणि गाडीला मागे खेचतं. आवाज मात्र जबरदस्त होतो. बाबांनी लगेच ते बंद केलं.

"गाई बिथरतील. आणि कामाचं इंजिन असं बोंबलत नाही."

"बोंबलू दे की. काम तर करतंय."

"ट्रीना, तू जन्मायच्या आधीपासून हा घाट उतरतोय मी."

"या ट्रकमधून नाही, बाबा."

"ट्रक तो ट्रक. माथ्यावर खालच्या गिअरला आणायचा आणि गुमान उतरायचं."

इथेच ते चुकले. त्यांच्या जुन्या ट्रकचा गिअर हाताने टाकायचा. टाकला तिथेच तो राहतो. माझ्या ट्रकचा आपोआप बदलतो. उतारावर वेग वाढला तसा तो गुपचूप वर सरकला, आणि बाबांना वाटत होतं की इंजिन गाडी धरून आहे. धरून होते ते फक्त ब्रेक. बाबांचा पाय त्यांच्यावरून हललाच नाही.

दुसऱ्या वळणाला जळका वास आला. आरशात पाहिलं, तर ट्रेलरच्या चाकांतून निळा धूर निघत होता.

"बाबा, ब्रेक तापलेत."

"दिसतंय मला."

"बटण दाबू?"

"हात लावू नकोस!"

पुढच्या वळणाला ट्रेलर बाहेरच्या बाजूला ओढला गेला आणि गाई एकदम हंबरल्या. बाबांनी पेडल आणखी दाबलं. ते मऊपणे खाली गेलं, पण वेग जेमतेम कमी झाला. त्यांच्या मानेवरची शीर टरारून फुगली होती. बाबांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

समोर पाटी दिसली. ब्रेक गेलेल्या गाड्यांनी घुसायचा खडीचा चढ जवळ आला होता, आणि त्याच्यापुढे दरीला लागून वळणं.

"खडीत घालतो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "गाईंचे पाय मोडतील. ट्रेलर आपल्यावर चढला तर..."

"नका घालू. ऐका माझं. आता जीव खाऊन दाबा, एकदाच. वेग जरा पडला की इंजिन खालचा गिअर घेईल. मी सांगेन तेव्हा पाय काढा."

"ब्रेकवरून? वेड लागलंय तुला?"

"त्यांच्यात आता काही उरलेलं नाही, बाबा! इंजिनात आहे. दाबा!"

ते पेडलवर अक्षरशः उभे राहिले. मी बटण दाबलं आणि गिअरच्या दांड्यावरून एकेक गिअर खाली मागत राहिले. एक घेतला. पुढचा घेईना. खडीचं तोंड समोर आलं. मग गाडीने गचका खाल्ला, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर उडाला आणि इंजिन गर्जायला लागलं.

"काढा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या उतारावर, त्या वजनाखाली, ब्रेकवरून पाय उचलायचा. त्यांनी तो उचलला.

खडीचा चढ बाजूने निघून गेला. इंजिन बोंबलत होतं आणि वेग उतरत होता. पुढचं वळण आम्ही म्हाताऱ्या बैलाच्या चालीने घेतलं. मला रडू आलं ते मी लपवलं नाही.

पायथ्याला चाकं निवेपर्यंत थांबलो. बाबांची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात. मी एकेक सोडवली.

गावाच्या वेशीवर इंजिनाचा ब्रेक वापरू नका अशी पाटी आहे. तो बंद करायला मी बटणाकडे हात नेला, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. नेहमीच्या कोपऱ्यावरही ते थांबले नाहीत. आम्ही गर्जत थेट कॅफेच्या दारात गेलो. सगळे बाहेर आले. बाबांचा जुना मित्र ड्वेन सर्वांत पुढे.

"लेलँड, मेल्या, बाटलास? कोणाचं हे धूड?"

"माझ्या लेकीचं."

"सहाचं?"

"सहाचं." बाबा खाली उतरले. "आज मी आम्हा दोघांना मारलंच होतं, ड्वेन. हिने वाचवलं."

कोणी हसलं नाही. बाबांनी सगळ्यांदेखत ट्रकची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"उद्याची खेप राहिलीय," ते म्हणाले. "घाटात तू चालव."