एका फोनला एकच तक्रार

मी दुरुस्तीच्या दुकानात फोनवर बसते. एकोणीस वर्षं झाली. हातात पाना कधी धरला नाही, पण लोकांच्या घरातली किती मशिनं मी नुसते प्रश्न विचारून चालू केलीत, त्याला गणती नाही. मालक म्हणतात, तुझ्यामुळे निम्मे मेकॅनिक रिकामे बसतात. म्हणू देत.

माझे प्रश्न ठरलेले आहेत. पाणी कमी येतंय म्हणून फोन आला की पहिला प्रश्न असा: एकाच ठिकाणी कमी आहे की सगळ्या घरात? एकाच ठिकाणी असेल तर दोष त्या वस्तूचा. सगळ्या घरात असेल तर वस्तू बिचाऱ्या निर्दोष, पाणी मागेच कुठेतरी अडलेलं असतं. शिवाय एक नियम आहे. चूक गिऱ्हाइकाची असली तरी तसं बोलून दाखवायचं नाही. "पाइपात कचरा आला असेल," एवढंच म्हणायचं. स्वतःच नळ बंद करून मशिनला शिव्या घालणाऱ्या किती भल्या माणसांची अब्रू या कचऱ्याने राखली आहे.

आणि एवढं सगळं येत असून, घरच्या बाबतीत मी पहिलाच प्रश्न विचारायला विसरले.

सासूबाई एकट्या राहतात, आमच्यापासून बसने पाऊण तासावर. वय पंचाहत्तर. शाळेत खेळ आणि कवायत शिकवायच्या. गळ्यातली शिट्टी गेली, पण स्टॉपवॉच अजून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकलेलं असतं. अंडीसुद्धा त्यावर बघून उकडतात. त्यांचा एक कायदा आहे, एका फोनला एकच तक्रार. दोन केल्या की माणूस किरकिरं ठरतं आणि मुलं फोन उचलेनाशी होतात, असं त्यांचं पक्कं मत. त्यामुळे गुडघा दुखत असेल आणि शेजारीणही भांडली असेल, तर शेजारणीसाठी दुसरा दिवस उजाडावा लागतो.

त्या सोमवारी त्यांचा दुकानात फोन आला. "अगं, फ्लशची टाकी अर्धीच भरते."

"झाकण काढून बघितलंत?"

"काढलं. फ्लश करून बरोबर पाच मिनिटांनी बघितलं. अर्धी."

मी लगेच कामाला लागले. आधी त्यांना तरंगणाऱ्या फ्लोटचा स्क्रू दोन फेरे फिरवायला लावला, म्हणजे पाणी जास्त वर येऊन थांबेल. मग टाकीत निळ्या शाईचे चार थेंब टाकायला सांगितले. वीस मिनिटांनी खालच्या भांड्यात निळं उतरलं तर टाकीच्या बुडाचं रबर गळतंय, असा त्याचा अर्थ. त्यांनी स्टॉपवॉच लावलं, बरोबर वीस मिनिटांनी भांडं बघितलं आणि कळवलं, "पाणी स्वच्छ आहे." टाकीत मात्र डोकावल्या नाहीत, कारण मी सांगितलं नव्हतं. डोकावल्या असत्या तर तोपर्यंत टाकी हळूहळू भरलेली दिसली असती आणि माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडला असता. पण कवायतीच्या बाई त्या. हुकूम तेवढाच पाळतात.

मंगळवारी वॉशिंग मशिनची पाळी. "पाणी भरता भरता मध्येच थांबतं आणि टूं टूं करतं." मी त्यांना मागची नळी सोडवून आतली जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करायला लावली. जाळीत काहीच नव्हतं. बुधवारी शॉवर. त्याची तोटी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायला लावली. नुसती चकचकीत झाली, धार तेवढीच.

तीन दिवसांत तीन वस्तू ऐकूनही मला शंका आली नाही का? आली, पण चुकीची आली. मला वाटलं, आईंच्याने आता हे जमत नाही. स्क्रू फिरवायला सांगावा तर तो फिरवायचा कुठे, ते कळत नसेल. आणि तेवढ्यावर न थांबता बुधवारी जेवताना मी हे नवऱ्याला बोलून गेले.

तो वाटच बघत होता. वर्षभर त्याच्या मनात होतं, आईला आपल्याकडे आणायचं. "फ्लश नाही, मशिन नाही, अंघोळ नाही," त्याने बोटं मोजली. "ते घर संपलंय. रविवारी खोके घेऊन जातो." लगेच फोन करून आईला सांगूनही टाकलं.

खोटं कशाला बोलू, मला ते नको होतं. एका स्वयंपाकघरात सासूबाई, मी आणि त्यांचं स्टॉपवॉच. पण तोंड उघडायची सोय नव्हती, काडी मीच लावली होती.

शुक्रवारी दुपारी दुकानात फोन वाजला.

"आज तक्रार नाही," सासूबाई म्हणाल्या. "एक विचारायचंय. बाळ्याला तू काय सांगितलंस?" बाळ्या म्हणजे माझा नवरा. वय वर्षं एकोणपन्नास.

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं.

"मला इथेच राहायचंय गं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. "पहाटे पाचला उठून मी कुठे चालले, हे इथे मला कोणी विचारत नाही. पण रविवारी तो खोके घेऊन दारात उभा राहिला तर मला नाही म्हणता येणार नाही. त्याचा चेहरा रडवेला होतो, तू बघितलायस ना? आणि खरं सांग, तुलाही मी तिथे नकोच आहे."

"नको आहात," मी म्हणाले. "फोनवर आपलं फार छान जमतं."

त्या हसल्या. आणि ते हसणं ऐकताना मला एकदम लाज वाटली. एकोणीस वर्षं परक्या माणसांना जे विचारते, ते मी यांना विचारलंच नव्हतं.

"आई, पाणी एकाच ठिकाणी कमी आहे की सगळ्या घरात?"

"सगळ्या घरात."

"स्वयंपाकघरात बादली भरायला किती वेळ लागतो?"

"चार मिनिटं अकरा सेकंद."

"आणि आधी?"

"एक मिनिट पाच."

"कधीपासून असं होतंय?"

"तीन आठवडे. बाळ्या सिंकच्या नळाचा वॉशर बदलून गेला, त्या दिवसापासून."

मी कपाळाला हात लावला. "अहो, मग सोमवारीच नाही का सांगायचं?"

"तू विचारलंस का? आणि सोमवारची तक्रार फ्लशची होती."

सिंकच्या खाली, कचऱ्याच्या डब्यामागे मुख्य कॉक आहे. वॉशर बदलायचा म्हणजे तो बंद करावा लागतो, आणि काम झालं की परत उघडावा लागतो. पूर्ण. नवऱ्याने थोडासाच उघडला असणार, धार दिसली आणि हात पुसून मोकळा झाला.

"आत्ताच उघडते," सासूबाई म्हणाल्या.

"हात लावू नका. तुम्ही उघडलात तर तो म्हणेल, आज चालतंय, उद्या परत बंद पडेल. त्याच्याच हाताने होऊ दे."

"त्याला माझ्यासमोर खजील करायचं का?"

"खजील नाही, त्याला गिऱ्हाईक समजायचं. गिऱ्हाईक मी सांभाळते."

रविवारी अकरा वाजता आम्ही पोचलो. नवऱ्याच्या काखेत सहा घडीचे खोके, खिशात चिकटपट्टी. सासूबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर ताठ बसलेल्या, हात मांडीवर, मुठीत स्टॉपवॉच. नवऱ्याने आल्या आल्या नळ सोडला. "बघ, ही धार आहे का? यात माणूस राहील कसा?"

मी दुकानातला आवाज काढला. "साहेब, पाणी एकाच ठिकाणी कमी आहे की सगळ्या घरात?"

"चेष्टा सुचते का तुला?"

"एकाच ठिकाणी की सगळ्या घरात?"

"सगळ्या घरात. तेच तर म्हणतोय मी."

"बरं. पाण्याच्या लाइनीला शेवटचा हात कधी लागला होता?"

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. सिंककडे बघितलं. मग गुडघ्यांवर बसला, कचऱ्याचा डबा बाजूला सारला आणि आत हात घातला. कॉक करकरला. एक फेरा, दोन फेरे, अडीच. वर नळ खोकला, थुंकला आणि असा सुटला की सिंकला टेकवलेले दोन खोके भिजले. सासूबाईंनी तेवढ्यात बादली सरकवली होती आणि स्टॉपवॉच दाबलं होतं.

"एक मिनिट तीन," त्या म्हणाल्या. "दोन सेकंद सुधारणा आहे."

नवरा उठला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "म्हणजे मीच..."

"पाइपात कचरा आला असेल," मी म्हणाले.

एकोणीस वर्षं तो हे वाक्य माझ्या तोंडून ऐकतोय. त्याचा अर्थ त्याला माहीत आहे. माझ्याकडे बघत राहिला, मग हसू आवरेना म्हणून तोंड फिरवलं. पण परत वळला तेव्हा चेहरा खरंच रडवेला होता.

"आई, मला भीती वाटते गं. इथे तुला काही झालं तर?"

"वाटू दे," त्या म्हणाल्या. "मलाही तुझी वाटते. अजून चालत्या बसच्या दारात उभा राहतोस. म्हणून मी तुला खोक्यात भरते का?"

मग मशिन लावलं, ते टूं टूं न करता भरलं. शॉवर तर व्हिनेगरने आधीच झळकत होता. उरलेले खोके मात्र फुकट गेले नाहीत. सासूबाईंनी माळा उघडला आणि नवऱ्याच्या सायकलीची दोन मोडकी चाकं, शाळेच्या वह्या, एक हातपाय नसलेला रोबो, असं सगळं त्याला स्वतःच्या हाताने भरायला लावलं. आईला आणायला गेलेला माणूस चार खोके भरून स्वतःचंच बालपण घेऊन घरी आला. ते आता आमच्या पलंगाखाली आहे.

सोमवारी फोन आला. "फ्लशची टाकी आता वाहते. पाणी वरच्या नळीतून सारखं भांड्यात पडतंय."

मी जीभ चावली. पाण्याला जोर नसताना मीच त्यांना फ्लोट वर करायला लावला होता. "स्क्रू दोन फेरे उलटा फिरवा, आई. ती चूक..."

"पाइपात कचरा आला असेल," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मंगळवारी परत फोन. मी वही पुढे ओढली. "बोला. आज काय बिघडलं?"

"काहीच नाही. हीच तक्रार आहे. गेल्या आठवड्यात रोज तुझ्याशी बोलणं व्हायचं. आता सगळं नीट चालतंय, तर घर जरा रिकामं वाटतं."

मागे दुसरा फोन वाजत होता. वाजू दिला.

"सगळ्या घरात वाटतं की एकाच ठिकाणी?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, घाई केली नाही.

"एकाच ठिकाणी. स्वयंपाकघरात. चहाच्या वेळेला, चार ते साडेचार."

"मग सोपं आहे," मी म्हणाले आणि वहीत वेळ लिहून घेतली. "चारला मी फोन करते."